पहिल्या दिवशी पाणी येणारच

४ फेब्रुवारी

दादा,

धक्क्यावर, चारचौघांत, तिच्या वडलांनी मला विचारलं, "तुझी होडी कुठली रे?" त्या क्षणी माझं सगळं बदललं.

ती कोण, ते तुला मागच्या सुट्टीत अर्धवट सांगितलं होतं. लिलावाच्या शेडमध्ये वजनकाट्यावर बसते ती. कॉलेजच्या बसमधून उतरलो की मी रोज तिथे जायचो. काही निमित्त नसायचं. काटा बघायचो, म्हणजे काट्यामागची ती बघायचो. त्या दिवशी तिचे वडील मागून आले. त्यांना सगळे मिशीवाले म्हणतात. हात पुसत म्हणाले, "रोज येतोस. मासळी घेत नाहीस, विकत नाहीस. तुझी होडी कुठली रे?" बर्फाच्या लाद्या ढकलणारेसुद्धा थांबून हसले. तिने मान वर केली नाही. माझ्या तोंडून निघून गेलं, "घेतोय." ते म्हणाले, "कधी?" मी म्हणालो, "ह्याच महिन्यात."

आता बोललोय म्हणजे बोललोय. त्या दिवसापासून कॉलेजला गेलो नाही आणि जाणारही नाही. तू ओरडू नकोस, ते काम मामाने केलंय. चांगला तासभर ओरडला आणि तेव्हापासून मला नावच ठेवलंय त्याने. सकाळी गोधडी ओढतो आणि म्हणतो, "अहो कॉलेज, उठा, चहा निवला." आई भांडी जोरात ठेवते.

दादा, बाबांच्या आजारपणात आपली होडी गेली, तेव्हापासून पाण्यावर आपलं म्हणून काही नाही. तूच म्हणाला होतास, कंपनीच्या जहाजावर दोन वर्षं काढतो, मग आपण दोघं मिळून घेऊ. मग आत्ताच घेऊ की. नवी नको. कुणीतरी घरच्या घरी चालवलेली, वापरलेली चालेल. बघायचं काम माझं. तू फक्त हो म्हण.

तुझा,
धाकटा


१३ फेब्रुवारी

धाकट्या,

तुझं डोकं म्हणजे पेटलेला स्टोव्ह. कॉलेज सोडायला एक मिनिट लागलं, परत घ्यायला लावशील तर बापजन्मात घेणार नाहीत. पण मला माहीत आहे, तुला नाही म्हटलं तर तू ओंडका घेऊन समुद्रात जाशील. म्हणून हो म्हणतोय. मी साठवलेले सगळे पैसे पाठवायची व्यवस्था केलीय. ते मिळाले की लगेच उधळू नकोस.

आता नीट वाच. बाबा जुनी होडी कशी बघायचे ते मी त्यांच्यामागे फिरून बघितलंय, तू तेव्हा कडेवर होतास. आधी जमिनीवर बघायची. ताजा रंग असेल तर आनंद मानायचा नाही, रंग कशावर बसलाय ते शोधायचं. तळाच्या फळ्यांना दाभण टोचायचं. सहज आत गेलं तर सरळ घरी यायचं.

मग पाण्यात. बरेच दिवस किनाऱ्यावर उभी राहिलेली होडी वाळते, फळ्यांमध्ये फटी पडतात. पाण्यात घातली की पहिल्या दिवशी पाणी येणारच. घाबरायचं नाही. लाकूड पाणी पितं, फुगतं आणि फटी आपोआप मिटतात. म्हणून होडी रात्रभर पाण्यात ठेवायची, वर दगडांचा भार टाकून. दुसऱ्या सकाळी पाणी कमी येत असेल तर लाकूड जिवंत. तेवढंच किंवा जास्त येत असेल तर कुठेतरी कुजलंय.

आणि तिसरं, विकणाऱ्याला किंवा त्याच्या घरच्या माणसाला सोबत घेऊन खडकांच्या बाहेर एक फेरी मारायची. बाबा होडी बघायचे नाहीत तेव्हा, विकणाऱ्याला बघायचे. तो कुठे बसतो, कशाकडे बघतो.

मी येईपर्यंत काही पक्कं करू नकोस. हे पत्र एका सोबत्याकडून लिहून घेतोय, माझे हात सारखे तेलात असतात. आईला सांग मी बरा आहे.

दादा


२६ फेब्रुवारी

दादा,

तू पाठवलेलं मिळालं. सोबत्याचं अक्षर झकास आहे. स्वतः लिहायलाही वेळ नाही, मोठा साहेब झालास म्हणायचा!

होड्या बघतोय. मामा बरोबर असतो, दाभण खिशात घेऊन, जणू कुणाला भोसकायला निघालाय. पहिली होडी बघितली तर आत मांजरीने पिल्लं घातलेली. मालक म्हणतो, "होडी घ्या, पण पिल्लं मोठी झाल्यावर न्या." मामा म्हणाला, "पिल्लं देता का? होडी राहू द्या." दुसरीच्या तळात चक्क रोप उगवलेलं. मालकीणबाई म्हणाल्या, "तेवढं उपटलं की झालं." तिसऱ्या होडीत इंजिन चांगलं होतं, पण ते विकणाऱ्याच्या मेव्हण्याचं निघालं आणि मेव्हणा तिथेच शिव्या देत आला. आम्ही पळालो.

आणि आता ऐक. बसून ऐक.

मिशीवाले स्वतः घरी आले! आईने खुर्ची पुसली. म्हणाले, "पोरगा होडी शोधतोय असं ऐकलं. माझी देऊन टाकायची आहे. मी चौघांबरोबर मोठ्या बोटीत भागीदारी घेतोय. होडी घरातच राहिल्यासारखी राहील." घरातच, दादा! हा शब्द त्यांचा आहे, माझा नाही. मामा नंतर म्हणाला की बोलायची पद्धत असते एकेकाची. मी म्हणालो, तुझं लग्न का झालं नाही ते आज कळलं.

त्यांची होडी तुला आठवत असेल, निळ्या पट्ट्याची. किनाऱ्यावर वर ओढलेली आहे. पावसाळ्यापासून तशीच उभी आहे, नुकता रंग दिलाय. मामाने दाभण चालवलं, बाहेरून सगळीकडे कडक; मागचा तळ वाळूत रुतलेला, तेवढाच राहिला. आत तळाला फळ्या जोडून फरशी केलीय आणि ती खिळ्यांनी बसवलीय. ती उचकटायला मिशीवाले नको म्हणाले, घेतल्यावर काय ते करा म्हणाले. बरोबरच आहे.

परवा दुपारी फेरी मारली. मिशीवाल्यांची कंबर धरली होती, म्हणून त्यांनी तिला पाठवलं. घरचं माणूस, तुझ्या नियमाप्रमाणे! मामाला त्यांनी काठावर गप्पांना बसवून घेतलं. तेव्हा होडीत आम्ही दोघंच. तिने सुकाणू धरलं. काय सांगू. वाऱ्याने तिची वेणी सुटत होती आणि एका हाताने ती वेणी धरत होती. मागच्या बाजूला जाळ्याचा एक ढीग होता, त्याच्यावर दोन्ही पाय ठेवून बसली होती. अख्खी फेरी तिथून हलली नाही. मी म्हणालो, इकडे पुढे ये, इथून खडक छान दिसतात. तर म्हणाली, "नको, मी इथेच बरी."

पाणी आलं थोडं. तू लिहिलं होतंस तसंच. मी उपसत होतो आणि हसत होतो.

परत येताना ती म्हणाली, "खरंच घेणार तू ही?" मी म्हणालो, "तुझ्यासाठी घेतोय." तिने सुकाणू दुसऱ्या हातात घेतलं. मग म्हणाली, "दादा आल्यावर घे ना. घाई कशाला?" लाजते रे ती. मुली लगेच हो म्हणत नाहीत, एवढं मला कळतं.

तुझा, जवळजवळ होडीवाला झालेला,
धाकटा


४ मार्च

धाकट्या,

तुझं पत्र दोनदा वाचून घेतलं. थांब.

रात्रभर पाण्यात ठेवली होती का? त्याबद्दल तू एक अक्षर लिहिलं नाहीस. तळाची फरशी खिळ्यांनी कुणी ठोकत नाही, ती रोज उचलून धुवावी लागते. आणि विकणाऱ्याची कंबर नेमकी त्याच दिवशी का धरते?

मुलगी तुला थांब म्हणाली. तू ते लाजणं समजलास. मला ते लाजणं वाटत नाही. तिला एकटीला गाठून सरळ विचार.

मला इतक्यात निघता येत नाही, कंपनी सोडत नाही. पण मी येतोय. माझी शपथ आहे, तोवर हात लावू नकोस.

दादा


११ मार्च

दादा,

तुझं पत्र यायच्या आधीच व्यवहार झाला. आणि आधी आलं असतं तरी झाला असता.

रात्रभर ठेवायची गोष्ट मी काढली होती. मिशीवाले म्हणाले, "ठेव की. पण माझ्याकडे उद्या दुसरं गिऱ्हाईक येतंय, त्याला मी नाही कसं म्हणू?" म्हणजे एका रात्रीसाठी मी सगळं घालवायचं? आणि तूच लिहिलंस की पहिल्या दिवशी पाणी येणारच. तुझंच वाक्य आहे, पत्र इथे समोर आहे.

तुला सगळ्यांवर संशय घ्यायची सवय लागलीय. कंपनीच्या जहाजावर आयतं जेवायचं, पत्रं दुसऱ्याकडून लिहून घ्यायची आणि तिकडून आम्हाला शहाणपण शिकवायचं. बाबा आजारी होते तेव्हाही तू तिकडेच होतास. आता मी काहीतरी करतोय तर तुला सोसत नाही. तिच्याबद्दल पुन्हा असं काही लिहिलंस तर मी उत्तर देणार नाही.

ती दोन दिवस शेडवर दिसली नाही. घरी पाहुणे असतील.

उद्या पहाटे मी आणि मामा पहिल्यांदा बाहेर पडतोय. मामाने त्याचा जुना स्वेटर धुऊन ठेवलाय. आईला म्हणतो, "आज कॉलेजची परीक्षा आहे, पोराला दही द्या." आई हसली, दादा. किती दिवसांनी हसली.

धाकटा


२२ मार्च

धाकट्या,

पत्र नाही. रागावला असशील तर रागाव, पण आईला तरी दोन ओळी लिहायला सांग. पहिली फेरी कशी झाली?

दादा


२ एप्रिल

दादा,

मामा गेला.

तुला तार करायला आई म्हणत होती. मी करू दिली नाही. मलाच लिहायचं होतं, आणि रोज कागद घेऊन बसत होतो.

खडकांच्या बाहेर गेलो तोवर सगळं ठीक होतं. मामा त्याचं ते बेसूर गाणं म्हणत होता. जाळं टाकलं. मग त्याने फरशीकडे बघितलं आणि म्हणाला, "कॉलेज, पाणी जरा जास्त वाटतंय रे." मी म्हणालो, "दादाने लिहिलंय, पहिल्या दिवशी येणारच." तो म्हणाला, "दादाने लिहिलंय का? मग झालं." आणि उपसायला लागला. एवढंच, दादा. तुझं नाव घेतल्यावर त्याने पुढे विचारलंच नाही.

थोड्या वेळाने पाणी डब्याने उपसण्यासारखं राहिलं नाही. इंजिन बंद पडलं. मी मागच्या बाजूची फरशी पहारीने उचकटली. खाली फळी नव्हतीच म्हणायची. काळा भुसा होता आणि त्यावर डांबरात भिजवलेलं पोतं चिकटवलेलं. पोतं माझ्या हातात आलं. नेमकी तीच जागा, जिथे ती जाळ्याच्या ढिगावर पाय ठेवून बसली होती. तिच्या वजनाने पोतं दाबून धरलं होतं.

मग एक लाट आडवी आली आणि होडी पाण्याने भरली. डिझेलचा रिकामा कॅन एकच होता. मामाने तो माझ्याकडे ढकलला. मी म्हणालो, दोघं धरू. दोघांनी धरलं की तो खाली जात होता. मामा म्हणाला, "धर रे गाढवा, मला पोहता येतं." त्याला पोहता येत होतं, पण तो स्वेटर. ओला होऊन एवढा जड झाला होता. मला एका बोटीने उचललं तेव्हा तो दिसत नव्हता. दोन दिवसांनी मिळाला.

मिशीवाले आले होते घरी. कोपऱ्यात बसले. निघताना आईला म्हणाले, "मी पोराला म्हणालो होतो, हवं तर रात्रभर पाण्यात ठेव." आई म्हणाली, "हो, म्हणाला असाल." मी उठलो होतो, शेजाऱ्यांनी धरलं.

मामाची खाट अजून पुढच्या खोलीत आहे. सकाळी मला कुणी उठवत नाही. मी आपोआप उठतो आणि पडून राहतो.

मागच्या पत्रात जे लिहिलं ते फाडून टाक.

धाकटा


१० एप्रिल

धाकट्या,

हे पत्र मी स्वतः लिहितोय, डाव्या हाताने. म्हणून अक्षर असं आहे. लागेल तेवढा वेळ घे, पण सगळं वाच.

जहाजावर जाळं ओढायच्या यंत्रात माझा उजवा हात गेला, तुझ्या पहिल्या पत्राच्याही आधी. अंगठा राहिलाय. मी कंपनीच्या दवाखान्यात होतो, म्हणून येता येत नव्हतं. तुला जे पाठवलं ते कंपनीने त्या हाताबद्दल दिलेलं होतं. मी तुम्हाला सांगितलं नाही, कारण मला वाटलं होडी घेतली की मी काठावर बसून हिशोब तरी बघेन, तू आणि मामा समुद्र बघाल. तोवर आईला कळायला नको. सांगितलं असतं तर तू माझ्यापाशी आला असतास आणि होडी घ्यायची राहिली असती. हे आता रोज मनात येतं.

आणि ते वाक्य माझंच आहे. पुढची वाक्यं तू सोडलीस, पण मी ते इतक्या विश्वासाने का लिहिलं, कुणास ठाऊक. मी तिथे असायला हवं होतं. दोष वाटायचाच असेल तर आपण दोघं वाटून घेऊ. एकट्याने सगळा उचलू नकोस.

तू मिशीवाल्यांच्या दारात जाऊ नकोस. तुझा हात उठेल आणि आईकडे मग कोण राहील? त्या मुलीलाही काही बोलू नकोस. बापाने बसवलं तिथे पोर बसली. त्या वयात कोण बापाला नाही म्हणतं? तू म्हटलं असतंस, पण सगळे तुझ्यासारखे नसतात.

मला ह्या महिन्याच्या शेवटी सोडतायत. मी येतोय. आईला हाताचं तू सांगून ठेव, म्हणजे दारात मला बघून ती एकदम घाबरणार नाही.

दादा


१९ एप्रिल

दादा,

हे पत्र घरून लिहीत नाहीये. बसस्टँडवरच्या टपरीत बसलोय, कागदही टपरीवाल्याचा आहे. आईला तुझ्या हाताचं सांगितलं. ती माझे दोन्ही हात ओढून घेऊन बघत बसली.

आज दुपारी ती आली.

आई आत झोपली होती. दार उघडंच होतं. ती आली ती कपड्यांची पिशवी घेऊन. वेणी घट्ट बांधलेली. मामाच्या खाटेकडे बघितलं आणि उभीच राहिली. मी बस म्हणालो नाही.

म्हणाली, "मी घरातून निघून आलेय. परत जाणार नाही. तू म्हणशील तिथे जाऊ."

दादा, ह्या वाक्यासाठी मी कॉलेज सोडलं होतं. हे वाक्य ऐकायला मिळावं म्हणून त्या काट्यापाशी मी किती संध्याकाळी उभा राहिलो असेन. आणि ती खरंच म्हणाली, माझ्या घरात, माझ्यासमोर.

मी विचारलं, "तुला माहीत होतं?"

"हो."

"वडलांनी तिथे बस म्हणून सांगितलं?"

तू लिहिलंस तेच उत्तर येईल असं वाटलं होतं. मला तेच हवं होतं. ती हो म्हणाली असती तर मी तिला आत घेतलं असतं, खरं सांगतो. मिशीवाल्यांचा खून करायला गेलो असतो, पण तिला आत घेतलं असतं.

ती म्हणाली, "नाही. बाबांनी मला फक्त सुकाणू धर म्हणून सांगितलं होतं. जाळ्याचा ढीग मी ठेवला, पायही मीच ठेवले."

मी म्हणालो, "का?"

"मोठ्या बोटीत भागीदारी घ्यायला बाबांकडे दोनच रस्ते होते. होडी विकून आपला वाटा टाकायचा, नाहीतर बर्फवाल्याच्या मुलाला मला द्यायचं आणि त्याने वाटा टाकायचा. तीन गिऱ्हाइकं होडी बघून परत गेली होती. तू चौथा. तू पण परत गेला असतास तर माझं लग्न ठरलं होतं. होडी विकली गेली तरच मी तुझ्यासाठी राहत होते."

"तूच म्हणालीस, दादा येईपर्यंत थांब."

"म्हणाले ना. परत येताना तुझं तोंड बघून राहवलं नाही. नंतर गप्प बसले." मग तिचा आवाज चढला, "पण घेतल्या घेतल्या कुणी बाहेर जातं का? सगळे आधी होडी कारागिराकडे नेतात, फरशी उचकटतात, डांबर लावतात. मला वाटलं तेव्हा तुला दिसेल. तू चिडशील, मला शिव्या घालशील, फळी बदलशील. एका फळीचं काम होतं. मी तुला निरोप द्यायला निघणारही होते, पण घरात बर्फवाल्याची माणसं नकार ऐकायला बसली होती, मला बाहेर पडू दिलं नाही. तू तिसऱ्या दिवशी पहाटेच निघालास. एवढी कसली घाई होती तुला?"

ती कसली घाई होती, हे तिला सोडून सगळ्या जगाला माहीत होतं.

ती रडत नव्हती. ती माझ्याकडे अशी बघत होती की आता मी काय ते ठरवावं. मला तिचा राग यावा म्हणून मी थांबलो, राग तर मला कशाचाही येतो. आला नाही. तिने जे केलं ते माझ्यासाठी केलं आणि मी जे केलं ते तिच्यासाठी. दोघांनी मिळून मामाला मारलं, दादा. तू दोष आपल्या दोघांत वाटायचा म्हणालास. तुझा त्यात काही वाटा नाही. तो माझा आणि तिचा संसार आहे, आमचा दोघांचा तेवढाच.

आणि तरी ती आवडते. तितकीच. हे लिहितानासुद्धा लाज वाटते. तिला घेऊन गेलो असतो तर आम्ही सुखी झालो असतो, हीच भीती वाटली मला. एखाद दिवशी ती हसली असती, मी हसलो असतो आणि मामा राहून गेला असता मागे.

आतून आईचा आवाज आला, "कोण आलंय रे?"

मी म्हणालो, "आई, हिला जेवायला वाढ. हिला कुठे जायला जागा नाही." खाटेपाशी उभी राहून तिने विचारलं, "आणि तू?" दादा, तू येईपर्यंत ती तिथे असली तर तिला काही बोलू नकोस. नसली तर शोधू नकोस. मी कुठे जातोय ते ठरलं नाही. ठरलं की कळवेन, पण काठाकाठाने नाही जाणार, आतल्या बाजूला जाईन, जिथे लोकांना समुद्र माहीत नाही.

तिने पिशवी खाली ठेवली आणि माझी बाही धरली. मी ती सोडवली. जोर करावा लागला नाही. चपला घातल्या, बाहेर आलो आणि दार ओढून घेतलं.